बिजागरी

वर सरोवर गोठलंय की नाही, ते मला ट्रे सांगतात.
नोव्हेंबरात हरणांची शिकार सुरू झाली
की टाचेचे, मणक्याचे सेट;
कोणीतरी मचाणावरून पडलेलं असतं.
पहिल्या मोठ्या बर्फानंतर हाताचे बारीक सेट,
यंत्रात अडकलेला बर्फाचा गोळा
कोणीतरी बोटांनी काढायला गेलेलं असतं.
दर वर्षी. न चुकता.
डुलूथच्या या तळघराला खिडकी नाही.
अडत नाही.

आयली कोर्पेलानं मला शिकवलं.
कागदाची गिरणी बंद पडली तेव्हा मी सत्तेचाळीसचा,
फावड्यासारखे हात,
आणि तिनं पहिल्या दिवशी त्यात ठेवली
डोळ्याच्या ऑपरेशनची कात्री, पापणीएवढी.
"बिजागरी बघ. पातं कोणीही पुसतं.
रक्त बिजागरीत दडून बसतं."
बघितली. स्वच्छ होती.
तिनं भिंग पुढे केलं.
स्वच्छ नव्हती.

तिचे नियम भिंतीवर लावलेले नाहीत.
मोजताना कोणी हाक मारली तर पुन्हा एकपासून.
ओलं पुडकं म्हणजे उघडं पुडकं.
सर्जन फोनवर ओरडला तर रिसीव्हर टेबलावर ठेव,
हातातलं संपव, मग "हो डॉक्टर" म्हण.
आणि ट्रेपलीकडच्या माणसाचा विचार करू नकोस,
हात थरथरतो.

पहाटे चारला आम्ही एक कुपी मरायला पाठवतो.
आत बीजाणू, उकळत्या पाण्यालाही दाद न देणारे.
तिची जुळी बाहेरच ठेवायची.
वाफ होऊन गेली की दोघींना शेजारीशेजारी ऊब द्यायची
आणि वाट बघायची.
बाहेरची पिवळी पडली, म्हणजे तिनं जीव धरला.
आतली जांभळीच राहिली, म्हणजे गेले सगळे.
दोन्ही दिसावं लागतं.
नुसत्या मरणावर सही करता येत नाही.

मार्चमध्ये खुब्याचा सेट खाली आला.
नाव कधीच नसतं. पण त्या दिवशी खुबा एकच होता,
आणि तिची रजा कशासाठी, मला ठाऊक होतं.
करवत, हातोडी, वाटी कोरायचं गोल हत्यार;
त्याच्या दातांत भुशासारखं हाड, अजून ओलसर.
पाण्याखाली धरून ब्रश फिरवला.
नियम मोडला मी. विचार केला.
हात थरथरला नाही.
वीस मिनिटांचं काम, तास लागला.

मे उजाडला. मी एकतिसाव्या चिमट्यावर होतो
तेव्हा दारातून हाक आली.
लाल रेषेपलीकडे ती, काठी टेकून,
बगलेत वेलदोड्याच्या पावाचा डबा.
"लेबलावर तुझी आद्याक्षरं होती.
भूल द्यायच्या आधी मी मागून बघितलं."

"मग?"

"मग काय. झोपले."

डबा तिनं रेषेबाहेरच्या खुर्चीवर ठेवला.
मी पुन्हा एकपासून मोजायला लागलो.