एका शिरेचं पान

एर्मेलिंदाबाईंनी कात्री माझ्याच हातात दिली.
"तूंच काप. म्हाका जायना."

लोटलीच्या त्या मागच्या अंगणात
विहिरीच्या कठड्याला टेकलेलं लौर,
मोठ्या मातीच्या कुंडीत.
तारवटी दिरानं कुठल्याशा बंदरातून आणलेलं,
दीर परत गेला तो गेलाच.

आपण तमालपत्र म्हणतो ते हे नव्हे.
त्याच्या पानात तीन शिरा,
आमच्या परसातल्या तिखीच्याही तीन.
याला एकच,
देठापासून टोकापर्यंत, कुणाला न विचारता.

बारा फांद्या घेतल्या.
कोवळी नको, जून नको,
वाकवली तर वाकावी आणि मग जराशी कुरकुरावी.
डोळ्याखाली तिरपा छेद.
ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून
स्कूटरच्या डिकीतून बोरीच्या पुलावर आलो
तेव्हा भरती होती, आणि डिकीला कधी नव्हे तो
चांगला वास येत होता.

खालची पानं काढली. वरची अर्धी कापली.
हात धजत नव्हता,
पण मूळ नसलेल्यानं
एवढ्या पानांना पाणी पाजायचं कुठून?
वाळू, नारळाचा भुसा,
वरून सोड्याच्या बाटल्या, बुडं कापून.

कदंबाच्या डेपोत बत्तीस वर्षं फिटर होतो मी.
काही घट्ट बसलं का
ते ओढून बघायचं, एवढीच विद्या.
रोज सकाळी एकेक फांदी चिमटीत धरायचो.
ती निमूट वर यायची,
बुडाशी पांढरी गाठ, मूळ नाही.
पुन्हा खोचायचो.
अशा चार मी मारल्या.
बुरशीनं तीन.
मांजरानं एक, तिच्यावर बसून.
दोन सुकल्या त्या कुंदानं सरळ डाळीत टाकल्या,
डाळ बरी झाली होती, खोटं का बोलू.

पण खोटं मी बोललोच.
दर रविवारी मिसा आटोपून त्यांचा फोन,
"कितलीं उरल्यांत?"
सगळ्या, म्हणायचो. बाराही. छान आहेत.

चवथ गेली. दिवाळी गेली.
मग हर्नियाचं निघालं,
तीन आठवडे मी खाटेवर,
बाटल्यांकडे कुणी फिरकलं नाही.
उठलो तेव्हा अकरावीही काळी पडलेली.

बारावीच्या पेल्याखाली,
खिळ्यानं पाडलेल्या भोकातून
केसाएवढं काहीतरी पांढरं
लाद्या हुंगत होतं.

त्या रविवारी फोन आला.
"कितलीं?"
एक, म्हणालो.
पलीकडे बराच वेळ काही नाही,
फक्त पोदेराचा भोंगा
लांबून जवळ आला, आणि गेला.

मग त्या म्हणाल्या,
"बरें. आतां ओडून पळोवं नाका हां."

मी चिमूट सोडली.