प्रमाणात

मिरजेच्या डॉक्टर आरवाड्यांनी
माझ्या हृदयाचा आलेख उजेडात धरला,
म्हणाले, घेताच आहात तर प्रमाणात घ्या.
औषध म्हणून मात्र नको.

प्रमाणात!
वजनमापे खात्यात एकतीस वर्षं काढली मी.
मार्केट यार्डातल्या हळदीच्या वजनांत
शिसं ठोकून शिक्के मारले,
पासंगाचे खडे जप्त केले,
आणि मला प्रमाण शिकवता?

लेंगरे खिशात कात्रण बाळगायचा :
रोज थोडी बिअर, काळीज खूश.
थोडी म्हणजे किती, तो आकडा
नेमका घडीवर फाटलेला.
दर शनिवारी सांगलीवाडीच्या परमिट रूममध्ये
एक बाटली, दोन ग्लास.
फेस बसला की मी मान वाकवून
डोळे पातळीला आणायचो,
मग इकडचं थेंबभर तिकडे.
तो म्हणायचा, निरीक्षक, झालं असेल तर शिक्का मारा.
शेंगदाण्यांवरून एकदा भांडलोसुद्धा.

पौषात लेंगरे गेला.
काळजानं नाही. लिव्हरनंही नाही.
तासगाव रोडला, बेदाण्याचा टेम्पो.

काल गेलो.
वेटरनं सवयीनं दोन ग्लास मांडले.
मीही सवयीनं ओतलं, मान वाकवली,
थेंबभर तिकडे.
माझा संपवला.
दुसरा कोमट होत गेला
आणि टीव्हीवर कुठलीशी मॅच.

येताना आयर्विन पुलावर एक ठोका चुकला.
कठड्याला टेकून गोळी जिभेखाली ठेवली.
पाच मिलिग्रॅम, पाकिटावर छापलंय.
आयुष्यात पहिल्यांदा
छापील वजनावर
विश्वास ठेवला.