अर्धविरामानंतर

सातपूरच्या ऑफिसातलं लोखंडी कपाट विकायला काढलं
तेव्हा तळाच्या खणात एकशे चार फ्लॉप्या निघाल्या,
रबराने बांधलेल्या. हात लागताच रबराचा भुगा झाला.
लेबलांवर निळी शाई: दर ९७, दर ९८, दर ९९.
शेठ म्हणाले, बघ काही कामाचं असेल तर,
नाहीतर भंगारात.

साधी अक्षरं, साधे आकडे. आठ घरं तारखेला,
तीन चलनाला, मग मोजून चार मोकळी,
मग रुपये, चार दशांशांपर्यंत.
एक घर हुकलं की मार्काचा दर
गिल्डरच्या गळ्यात,
आणि रॉटरडॅमला निघालेली द्राक्षं
कागदावरच आंबट.

हे वाचणारा प्रोग्राम आता कुठल्याच यंत्रात नाही.
तो टिळेकरांनी लिहिला होता. त्यांनी एक सोय ठेवलेली:
ओळीच्या आरंभी अर्धविराम दिला
की यंत्राने ती ओळ सोडून द्यायची.
चुकलेले दर झाकायला.

दर भरायच्या वत्सला क्षेमकल्याणी.
साडेदहाला बँकेत फोन, अकराच्या आत फाइल.
रविवारी शनिवारचाच आकडा, शिळा पण खरा.
आणि मध्येच

; फोन लागेना. कालचाच दर धरला आहे.
; निफाडला पारा तीनवर. रात्रभर बागांत शेकोट्या.
; ओझरच्या पुढे ट्रक बंद. माल उन्हात. पाउंड वाढून उपयोग काय.
; ह्यांनी आज प्रेसमध्ये दिवसभर नोटा मोजल्या.
; घरी दळणाला सुटे नाहीत.

यंत्र हे सगळं ओलांडून जायचं,
पाच वर्षं, एकदाही न अडखळता.

शेवटची फाइल जानेवारी दोन हजार दोनची.
फ्रँक नाही, मार्क नाही. अठ्ठावीस तारखेला
गिल्डरपुढे चार शून्यं, आणि खाली:

; हे नाणं आजपासून नाही.
; ओळ मात्र काढू नये. खालच्या वर सरकतील.

मी सगळं नव्या साच्यात ओतलं. तीन सेकंद लागले.
अर्धविरामाच्या ओळी साच्याने आपणहून गाळल्या,
गहू चाळल्यासारख्या. शेठ खूश.
म्हणाले, हे तर सगळं नेटवर मिळतं.

बाईंचा नंबर जुन्या डायरीत सापडला. जेलरोडला राहतात.
म्हटलं, तुमच्या फाइली उघडल्या.
त्या बराच वेळ गप्प.
मागे कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली.

मग विचारलं, "पाउंड काय चाललाय?"

"एकशे तेरा."

"हं," म्हणाल्या. "आणि पुढे?"