साखळी

दर जुलैत पहिल्या तासाला मी तेच बोलते:
केस बांधा, ओढणी खोचा, चपला नकोत,
पिपेट तोंडाने ओढायची नाही,
आम्ल पाण्यात घालायचं,
पाणी आम्लात, चुकूनसुद्धा नाही.
आणि पोरं नियमांच्या कागदावर
न वाचता सही ठोकतात,
मी ठोकली होती तशीच, याच ओट्यावर.

गॉगल कपाळावर. वाळूच्या बादलीत
सुपारीच्या पुड्या.
डोळे धुवायच्या नळाखाली
रमणकाकांचे चहाचे कप उपडे.

यंदा मागून एक मुलगी उठली.
हेतवी, मांजलपूरहून दोन रिक्षा बदलून येणारी.
"मॅडम, ह्या शॉवरला पाणी येते?"

हो तर, म्हणाले मी.
मला ठाऊक नव्हतं.

सव्वीस वर्षांपूर्वी दाराशी शॉवर नव्हता.
हेरंब मुल्हेरकर होता,
आणि चिठ्ठी नसलेली एक बाटली,
जी त्याला पाण्याची वाटली.
नळ व्हरांड्यात. चाळीस पावलं.
मोजली मी नंतर, पुन्हा पुन्हा,
जणू एखाद दिवशी ती कमी भरतील.
कारेलीबागेत वह्यापुस्तकांचं दुकान आहे त्याचं.
सुटे पैसे डाव्या हाताने देतो.

मग हा शॉवर बसला, पेढे वाटले,
आणि साखळी कुणी ओढली नाही.
फरशी ओली होते ना.

ओढली.
आधी काहीच नाही.
मग दम्याच्या माणसासारखा एक आवाज,
कपभर काताच्या रंगाचं पाणी,
संपलं.

रमणकाका दाराशी उभे, मान खाली:
"टपकत होतं, बेन. वरचा वाल मी बंद केलेला."
केव्हा?
"नोटबंदीच्या आधी."

ते गच्चीवर गेले.
मी साखळी धरून उभी.
वर्ग गप्प. कुणी फोन काढला नाही.
भिंतीवरचं घड्याळ अकरा मिनिटं चाललं,
आणि नायट्रिक आम्लाला किती लागतात
हे त्या दिवशी मला शिकवावं लागलं नाही.

मग आलं.
गंजकं, मग गढूळ, मग आजवा तलावाचं,
थंड, भसकन, माझ्या डोक्यावर,
साडीवर, सह्यांच्या गठ्ठ्यावर.
पोरं हसली. मीही.
फरशी खरंच ओली झाली.

हेतवीने वेणीचा अंबाडा घातला,
आणि भिंतीकडे बोट केलं:
"आणि ती लाल नळकांडी, मॅडम?"

तिच्या गळ्यातल्या चिठ्ठीवरची तारीख वाचायला
मी चष्मा शोधू लागले.
कपाळावरच होता.