ओटा क्रमांक एकसष्ट

पंचनाम्यात मी लिहिलं :
ओटे एकूण एकशे अठरा, वापरात नऊ.
एकसष्टवर चूल.
बासष्टवर झोपलेलं मूल, वय अंदाजे चार.
त्रेसष्ट ते सहासष्ट साड्यांची भिंत,
तिच्याआडून आलेल्या बाईनं नाव सांगितलं देवका पराते
आणि विचारलं, 'पोराचं वय कायले लिहिता जी,
त्याचा बी किराया लागते का?'

रकान्यात प्रश्नाला जागा नव्हती.

मंडई माझ्या नोकरीहून जुनी.
एका खांबावर खडूनं लिहिलेला वांग्यांचा भाव,
शेरावर,
पुसायला कोणी परत आलं नाही.
गिऱ्हाइकांना गाडीवरून उतरायचा कंटाळा आला,
मग माल सरकला रस्त्याकडे,
आणि छताखाली उरली कबुतरं
आणि ज्यांना छत नव्हतं ती माणसं.
'आम्ही आलो तवा इथं कुत्री व्याली होती,' देवका म्हणाली,
'थे काढून झाडलं. अठरा सालापासून झाडूनच राह्यलो.'
अतिक्रमण, कालावधी अठरा वर्षे,
मी लिहिलं. पेनातली शाई चांगली होती.

झोन ऑफिसात ईश्वरचिठ्ठी निघाली.
चिठ्ठ्या काढायला लहान हात हवा असतो,
म्हणून बासष्टवरच्या चेतनला टेबलावर उभं केलं.
त्यानं निळ्या बादलीतून
आपल्याच आईचं नाव काढलं :
वाठोड्याच्या पल्याड, चौथा माळा, लिफ्ट प्रस्तावित.
साहेबांनी टाळ्या वाजवल्या. आम्हीही.
चेतनला वाटलं, तो जिंकला.

ट्रक आला मे महिन्यात,
डांबर चपलेला धरून ठेवत होतं त्या दुपारी.
पिंप, मोटर नसलेला कूलर, कोंबडीचा खुराडा
आणि सगळ्यांत शेवटी ती.
ओट्याच्या शहाबादी फरशीवर हात ठेवून म्हणाली,
'हा एवढा तुकडा नेऊ देता का?
चटणी वाटून वाटून खोलगट झाला,
आता दुसऱ्या पाट्यावर हात बसत नाही.'
मी फाइल चाळली.
फरशीबद्दल काहीच नव्हतं तिच्यात.
म्हणून नाही म्हणालो.

दुसऱ्या दिवशी ती फरशी फोडून
मलब्यात टाकली, मीच सही केली.

आता पांढऱ्या टाईल्स आहेत,
प्रत्येक ओट्यावर नळ, नळाला पाणी मंगळवारी,
प्रवेशद्वारावर फीत कापल्याची गाठ
अजून तशीच लोंबतेय.
एकशे अठरा जणांनी किल्ल्या नेल्या,
आत पोती ठेवली, कुलपं लावली
आणि येऊन बसले बाहेर, रस्त्यावर,
जिथे लोक गाडीवरून न उतरता विचारतात,
'भेदरं कशी दिली?'

त्यांच्या रांगेत, अगदी टोकाला,
ट्रान्सफॉर्मरच्या सावलीत,
देवका मेथी-सांबाराच्या जुड्या मांडते.
दोन बस बदलून येते,
पहिलीत तिला बसायला मिळतं, दुसरीत मेथीला.
पथकाची गाडी वळणावर दिसली
की मला खोकला येतो.
डॉक्टर म्हणतात, छातीत काही नाही.
अहवालात मी लिहितो, 'आढळून आले नाही.'
सांबाराचे पैसे ती घेते, पुरेपूर घेते,
वरून चार काड्या देत नाही.
द्यावं असं मी काय केलंय?

आज पुन्हा मोजणी.
वरून पत्र आलंय : पुनरुज्जीवनानंतरचा वापर, टक्केवारीसह.
मी आतून फिरलो, कुलपं मोजत.
कबुतरांना टाईल्स आवडलेल्या नाहीत, ती घसरतात.
एकसष्टला कुलूप.
बासष्टचं दार उघडं,
बटाट्यांच्या पोत्यांवर, शाळेच्या निळ्या पँटीत,
दप्तर डोक्याखाली घेऊन
कोणी झोपलंय.

वापरात : एक,
मी लिहितो.

वय लिहीत नाही.