बेटांची मोजणी

जुलैत रपटा बुडाला की आमचा टोला बेट होतो.
चैत्रात धरणाचं पाणी उतरतं, तेव्हा पुन्हा गाव.
आणि मानवेलाच्या जाळीलाही आम्ही बेटच म्हणतो,
त्यामुळे ग्रामसभेच्या रजिस्टरात
एकाच ओळीत तो शब्द दोनदा आला
की माझा हात अडखळतो.

घरं एक्केचाळीस.
बेटं किती, ते मोजणाऱ्यावर.
वनरक्षक घोनमोडे म्हणतात तीनशे बारा,
वडशाचा ठेकेदार म्हणतो पाचशे पक्की,
मी आणि सुनको चुन्याची बोटं ओढत फिरलो चार दिवस:
दोनशे एकोणनव्वद.
यंदा फुलोऱ्यावर आलेली सतरा वेगळी लिहिली.
फुललेला बांबू मरतो. त्याला तोडायला कुणाची ना नाही,
फक्त बी खाली पडेस्तोवर थांबायचं.
थांबणं हेही काम आहे,
ते हजेरीपटात कुठं लिहितात
हे प्रशिक्षणात सांगितलं नव्हतं.

ठेकेदार डोंग्यातून आला, बूट हातात धरून.
सगळं एकदम द्या, म्हणाला,
पाणी आहे तोवर तराफे बांधून नेतो,
घरटी सत्तावीस हजार.
कोणी बोललं नाही.
सत्तावीस हजार म्हणजे कारू तुलावीच्या पोरीची
नर्सिंगची फी, वर बसभाडं.
माझ्या घरासाठी म्हणजे काय
ते मी रजिस्टरात लिहिलं नाही.

मग नियम वाचले:
वास्ता तोडायचा नाही.
तीन पावसाळे पाहिलेलाच बांबू काढायचा,
दुसऱ्या पेरावर, एका तिरप्या घावात.
बेटाच्या पोटातून काढायचा, कडेनं ओरबाडायचा नाही,
आठ तरी उभे ठेवायचे,
नव्यांना टेकायला.

दसरू बुरूड मागं बसला होता, कामट्या सोलत.
सुरी थांबली.
"तीन पावसाळ्याचा वाकते का बाई?
तो कागदाले जाते, ताटव्याले जाते.
सुपाले कवळा लागते.
तुमी वाचवून ठेवता, तोच माहा."

सोलर दिव्याभोवती किडे फिरत होते.
घोनमोडे बाहेर जाऊन तंबाखू मळून आले.
इतकी वर्षं याच्या सुपात धान पाखडलं आम्ही
आणि नियम करताना
याच्या बोटांना विचारलं नव्हतं.

रात्री अकराला लिहिलं ते असं:
दसरूला साली चाळीस कवळे, एका बेटातून एकच,
कोणता, ते तोच ठरवील.
ठेकेदाराला मोजलेले आणि पिकलेलेच,
पैसे तराफा सुटण्याआधी.
उत्तरेकडं, जिथं माती धरणात घसरते,
तिथं कोयता न्यायचा नाही, काडीलाही नाही.
शाळेचा डोंगा गळतो. नव्याला पुरेल एवढं खोड
एकट्या घाटावरच्या सावरीचं,
तिला मधाची सात पोळी.
तो विषय पुढच्या सभेत. मागच्या सभेतही हेच लिहिलं होतं.
घरटी नऊ हजार येतील. कदाचित आठ.

कारू तुलावी उठून गेला.
चपला तिथंच राहिल्या.
कोणी हाक मारली नाही.

सकाळी चपला द्यायला गेले, तर घरी नव्हता.
नऊ नंबरच्या फुललेल्या बेटाखाली
बायकोचं जुनं लुगडं अंथरून बसला होता.
वरून बी पडत होतं, थोडं थोडं,
आणि तो उंदरांना खडे मारत होता.
माझ्याकडं न बघता म्हणाला,
"ह्याची हजेरी लावतेस का वं?"

मी रजिस्टर उघडलं. रकाना नव्हता.
समासात लिहिलं:
कारू तुलावी, बेट नऊ, थांबला.