विरजण

ओस्मुंदकडे पिंप उघडायचं म्हणजे
दाराबाहेर बुटांचा ढीग, आत आठ-दहा माणसं
आणि एकच लाकडी वाडगा, हातोहात फिरणारा.
पोस्टातून निवृत्त झाल्यापासून माझी जागा चुलीजवळ.
माझी जीभ म्हणे पत्र्यासारखी,
तिला माया चिकटत नाही,
म्हणून माझ्या मताला किंमत.

गवतकापणीची बिअर पातळ. असायलाच हवी.
जुलैत उतारावर माणूस ती पाण्यासारखी पितो,
आणि हातात पातं असतं.
सप्टेंबरची जरा गडद,
मेंढ्या डोंगरावरून उतरतात तेव्हाची.
तिला ओल्या लोकरीचा वास येतो, असं ब्यर्गफ्रिड दरवर्षी म्हणते,
आम्ही दरवर्षी हसतो,
आणि दरवर्षी तो येतो.
दोन्हींची एकेक बाटली राखून ठेवतो, ताडून पाहायला.
कारण खरी ती नाताळची.
तांब्याच्या हंड्यात चार तासांचा कढ,
पहिला घोट गोड, आणि मग
संत्र्याच्या सालीसारखं काहीतरी
मागच्या दारानं आत येतं, बूट न काढता.

यंदा ती होणारच नव्हती.
माळ्यावर टांगलेलं कोरीव लाकडी कडं,
त्याच्या खाचांत वाळवून ठेवलेलं विरजण,
वर छप्पर गळलं, हिरवी बुरशी चढली.
विरजण गेलं आणि नाताळावर विरजण पडलं,
दोन्ही एकदमच.
दुकानात पाकीट मिळतं, मी म्हणालो.
ओस्मुंदनं असं पाहिलं
जणू मी त्याला आई बदलून आणायला सांगितली.

होतं, ओढ्यापलीकडे. गुदलेइककडे.
सख्खा भाऊ, त्याच विरजणाची दुसरी वाटणी.
अकरा वर्षांचा अबोला, एका होडीवरून.
होडी कधीच कुजून गेली.
"तूच जा," ओस्मुंद म्हणाला,
"तुला दुसऱ्यांचं पोचवायची सवय आहे."

गुदलेइकनं काही विचारलं नाही.
बरणीत पापुद्रे भरले, फडक्यात बांधले.
"धारोष्ण दुधाइतकं कोमट. त्याहून गार नको.
आणि ओरडायला सांग त्याला.
हल्ली ऐकू येत नाही."

विरजण घालताना आमच्याकडे ओरडतात.
आरोळी जेवढी मोठी तेवढी बिअर कडक.
मला हे कधी पटलं नाही,
पण मी कधी बिअरही केली नाही.
त्या रात्री पंचाहत्तरीचा ओस्मुंद पिंपावर वाकून
असा ओरडला की गोठ्यातली गाय उठून उभी राहिली.
मग फक्त ओढा.
मग ओढ्याच्या पलीकडून, अंधारातून,
एक आरोळी.
ओस्मुंदनं झाकण लावलं.
"कुणाचा तरी कुत्रा," म्हणाला.

आज वाडगा फिरतोय.
हाल्दिस म्हणते, अळंबी.
तिचा बर्गनचा जावई म्हणतो, सुकं केळं.
त्याला कुणी उत्तर देत नाही.
मी गेल्या वर्षीची बाटली उघडतो, एक घोट तिचा, एक हिचा.
गेल्या वर्षीची शहाणी होती, सांगितलेलं ऐकणारी.
ही दांडगट आहे. घशाशी थांबून
काहीतरी बोलायचं राहिल्यासारखी जाते.
सगळे माझ्याकडे बघतात.
"चांगली आहे," मी म्हणतो. पत्रा पत्रा तरी किती.
ओस्मुंद बोलत नाही. वाडगा पुढे द्यायला विसरतो.

नेलेलं विरजण भरून परत करायचं, असा रिवाज.
बरणी घेऊन निघालो तेव्हा कोटाच्या खिशात एक बाटली होती.
ती मला कुणी दिली नाही,
कुणी अडवलंही नाही.

गुदलेइकनं दारातच बूच काढलं,
घोट तोंडात घोळवला, फार वेळ.
"जुनिपर जून होता," म्हणाला.
"कुठली झुडपं तोडायची, त्याला कधीच कळलं नाही."
आणि दुसरा घोट घेतला.
मी बुटाची नाडी बांधेपर्यंत
तिसरा.